आउटलुकची रीड रिसिट: पर्चेसच्या टेबलावरून

चाकण एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत मी पर्चेस बघते. सकाळी आल्यापासून निघेपर्यंत समोर आउटलुक उघडं असतं. पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डर, ड्रॉइंग, रिजेक्शन, पैसे कापल्याच्या डेबिट नोट, पेमेंटची विचारणा, सगळं त्यातूनच जातं आणि त्यातूनच येतं. मेल पोचला का, कुणी बघितला का, हे प्रश्न माझ्या रोजच्या कामाचे आहेत. त्यांचं उत्तर म्हणून आउटलुकने रीड रिसिटची, म्हणजे मेल वाचल्याची पावती मागायची, सोय दिली आहे. ती मी मागणारी म्हणूनही वापरली आणि देणारी म्हणूनही. माझं मत आधीच सांगते. डिलिव्हरी रिसिट, म्हणजे मेल पोचल्याची पावती, कामाची आहे. रीड रिसिटमधून मिळणारी माहिती कच्ची असते आणि तिच्यामुळे माणसामाणसांत किंतू मात्र पक्का येतो. पाचपैकी दोन तारे, तेही डिलिव्हरीच्या पावतीमुळे.

ही सोय असते कुठे, ते पहिल्यांदा. डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्ये नवीन मेल लिहायला घेतला की वर ‘ऑप्शन्स’ची पट्टी दिसते. तिथे दोन चौकोन आहेत, एक डिलिव्हरी रिसिटचा आणि एक रीड रिसिटचा. एकाच मेलपुरती पावती हवी असेल तर तिथे टिक करायची. सगळ्याच मेलना लावायची असेल तर फाइल, ऑप्शन्स, मेल असं जाऊन खाली ‘ट्रॅकिंग’मध्ये. खरी कटकट या दुसऱ्या टिकेने होते. ती एकदा केली की पाचशे नगांच्या पीओपासून ‘हो, मिळालं, थँक्यू’पर्यंत प्रत्येक मेलला पावतीची मागणी चिकटते. पाठवणारा ते आठवड्याभरात विसरून जातो. समोरचा विसरू शकत नाही, कारण त्याला ते प्रत्येक मेलला दिसतं.

समोरच्याला काय दिसतं तेही सांगते, कारण पावती मागणाऱ्यांपैकी अनेकांनी ते कधी पाहिलेलं नसतं. मेलवर क्लिक केलं की मध्येच एक छोटी खिडकी उघडते. अमक्यांनी हा मेल वाचल्याची पावती मागितली आहे, पाठवायची का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’. त्याच्या खाली ‘पुन्हा विचारू नका’चा चौकोन. अमक्यांच्या जागी प्लांट हेडचं नाव असेल तर नुकताच लागलेला मुलगा काय दाबणार? ‘हो’च दाबतो. आणि मग त्याच्या डोक्यात बसतं की आता साहेबांना कळलं मी मेल बघितला, म्हणजे दहा मिनिटांत उत्तर गेलंच पाहिजे. हातातलं जीआरएनचं, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदीचं, काम टाकून तो उत्तर शोधायला धावतो. ‘नाही’ दाबलं तर पाठवणाऱ्याकडे काहीच जात नाही, नकार दिल्याचंही कळत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडे जॉइन होणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या आठवड्यातच सांगते.

नकार देण्याची ही मुभा काही मायक्रोसॉफ्टची मेहेरबानी नव्हे. इंटरनेटच्या मेलमधल्या अशा पावत्यांचं मानक १९९८ साली आरएफसी २२९८ या क्रमांकाच्या दस्तऐवजात आलं, आणि सध्याचं आरएफसी ८०९८ हे २०१७ चं आहे. मेल घेणाऱ्याच्या संमतीशिवाय पावती जाऊ नये, हा त्यातला पाया आहे. पावती ही विनंती असते आणि ती मानायची की नाही हे मेल घेणाऱ्याने ठरवायचं. मागणाऱ्याने हे एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मे रुसवेफुगवे वाचतील.

त्याच मानकात आणखी एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे, आणि ती मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. पावतीचा अर्थ एवढाच, की मेल त्या मेलबॉक्सच्या समोर बसलेल्या कुणाला तरी पडद्यावर दाखवला गेला. तो वाचला किंवा समजला, याची हमी नाही. आउटलुकमध्ये तर ‘दाखवला गेला’ हेसुद्धा सैलच आहे. यादीशेजारी मेल दाखवणारं रीडिंग पेन उघडं असेल तर एका मेलवरून खालच्या मेलवर गेलं की वरचा ‘वाचलेला’ होतो. बाण दाबत दाबत यादीतून खाली उतरणारा माणूस वाटेत आलेले सगळे मेल ‘वाचून’ टाकतो. राइट क्लिक करून ‘मार्क ॲज रीड’ केलं तरी तेच. ज्याने ‘नेहमी पाठवा’ अशी सेटिंग ठेवली आहे, त्याच्याकडून या प्रत्येक हालचालीची पावती निघते. पावतीवरची वेळ ही यादीतल्या न वाचलेल्या मेलच्या ठळक अक्षरांचं साध्या अक्षरांत रूपांतर झाल्याची वेळ असते. पाठवणारा मात्र ती माणसाने मेल वाचल्याची वेळ म्हणून धरून बसतो.

याची किंमत आम्ही एका बुशच्या, म्हणजे नळीसारख्या भागाच्या, ड्रॉइंगवर मोजली आहे. २५ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं भोक. डिझाइनने टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, एच ८ वरून एच ७ केला, म्हणजे वरच्या बाजूची मुभा ३३ मायक्रॉनवरून २१ मायक्रॉनवर आली. ड्रॉइंगवर बदल एका अक्षराशेजारच्या एका आकड्याचा, आणि उजव्या कोपऱ्यात ‘सी’ची ‘डी’ रेव्हिजन. डिझाइनमधून मेल बुश बनवणाऱ्या व्हेंडरला गेला, रीड रिसिट लावून. सकाळीच पावती आली आणि सगळे निर्धास्त झाले. व्हेंडरच्या भोसरीतल्या शॉपमध्ये मेल बघायचं काम अकाउंट्सच्या ताईंकडे होतं. शेठ दिवसभर मशीनवर असायचे. ताईंनी मेल उघडला, अटॅचमेंट बघितली, पेमेंटशी संबंध नाही म्हणून पुढे गेल्या. त्यांच्या बाजूने त्यात काही गैर नव्हतं, पेमेंटचे मेल बघायलाच त्यांना बसवलं होतं. मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये रेव्हिजन सीच राहिली आणि पुढचा लॉट तिच्यावरच निघाला. आमच्याकडे आलेल्या मालाच्या तपासणीत भोक तपासायचा प्लग गेज लावला तर आत जायला नको ती ‘नो-गो’ बाजू सरळ आत उतरत होती.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये आमच्या बाजूने रीड रिसिटची प्रिंट टेबलावर ठेवली गेली. तारीख, वेळ, शेठच्या कंपनीचा आयडी. शेठ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, मेल उघडला असेल हो, पण मला कुणी सांगितलं का?’ त्या प्रश्नाला त्या कागदात उत्तर नव्हतं. माल रिजेक्ट झाला, डेबिट नोट गेली, वर्षानुवर्षांच्या संबंधात खार आला. पावती असूनही कामाची गोष्ट ज्याच्यापर्यंत जायची त्याच्यापर्यंत गेलीच नव्हती. तेव्हापासून ड्रॉइंगच्या कुठल्याही मेलमध्ये आमची शेवटची ओळ ठरलेली असते: ‘कृपया नवीन रेव्हिजनचं अक्षर लिहून आणि जुनी प्रत शॉपवरून काढल्याचं कळवून उत्तर द्यावं. उत्तर आल्याशिवाय पुढचं शेड्यूल सोडणार नाही.’ हे उत्तर लिहिण्यासाठी माणसाला ड्रॉइंग उघडून कोपरा बघावाच लागतो. कुणी नुसतं ‘ओके’ पाठवलं तर आम्ही फोन करतो.

आता ‘नॉट रीड’बद्दल. रीड रिसिट मागितलेला मेल समोरच्याने न उघडता डिलीट केला, तर आउटलुक पाठवणाऱ्याला कळवतं की तुमचा मेल न वाचताच काढून टाकला गेला. विषयाच्या आधी ठळक ‘नॉट रीड’. हे असं कळवणं कुणाच्या उपयोगाचं आहे ते मला आजवर समजलेलं नाही. आमच्या क्वालिटीतले एक सर रिटायर झाले. त्यांचा मेलबॉक्स बऱ्याच महिन्यांनी आयटीने रिकामा केला आणि स्टोअरमधल्या आमच्या एका सहकाऱ्याला ‘नॉट रीड’चे मेल एकामागून एक येऊ लागले. त्यात एक मेल त्याने आपल्या बढतीच्या वेळी सरांचं मार्गदर्शन मागायला लिहिलेला होता. ‘सरांनी माझं उघडूनसुद्धा बघितलं नाही,’ म्हणून तो दिवसभर गप्प होता. सर मेलमधलं शोधून वाचण्यापेक्षा टेबलाशी येऊन बोलणारे होते, त्या वेळी ते त्याच्याशी तासभर बोललेही होते, हे त्या ओळीपुढे त्याला आठवेना. ज्या मानकाचा वर उल्लेख केला, त्यातही डिलीट केलेल्या मेलबद्दल म्हटलं आहे की तो पाहिला गेला असेल किंवा नसेल. आउटलुकची भाषा मात्र थेट ‘न वाचता’ अशी आहे. यासाठी मी एक तारा कापला आहे.

रीतीभातीचा मुद्दा खरा इथून सुरू होतो. आपल्याकडे पोच घेणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. पंचायत समितीत किंवा महावितरणच्या ऑफिसात अर्ज द्यायला गेलं की आपण दोन प्रती नेतो. आवक-जावकच्या टेबलावर एक प्रत ठेवून घेतात, दुसरीवर शिक्का मारून, तारीख आणि आवक क्रमांक टाकून परत देतात. ही स्थळप्रत मागताना कुणी संकोचत नाही, देताना कुणाला राग येत नाही. कारण तो शिक्का सांगतो, कागद कार्यालयात आला. साहेबांनी तो कधी हातात घेतला, किती वेळ बघितला, हे आवक क्लार्कला कुणी विचारत नाही. डिलिव्हरी रिसिट त्या शिक्क्यासारखी आहे. मेल समोरच्या सर्व्हरवर उतरला, एवढंच ती सांगते, आणि ती द्यायला कुणालाही काही दाबावं लागत नाही. रीड रिसिट मात्र त्या माणसाच्या डोळ्यांचा हिशेब मागते. म्हणून ती खटकते, आणि खटकणारा माणूस हळवा आहे असं मी म्हणणार नाही.

आधीच्या एका कंपनीत आमचे एक वरिष्ठ सरसकट रीड रिसिट लावायचे. संध्याकाळी सेंटमधला मेल उघडून ‘ट्रॅकिंग’ बघायचे. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे वेळ येते. ‘तुम्ही सव्वाअकराला वाचलात, उत्तर चारला का?’ हा प्रश्न रोज कुणाला ना कुणाला यायचा. परिणाम काय झाला? लोक त्यांचे मेल उघडेनासे झाले. विषयाची ओळ बघायची, तातडीचं वाटलं तर शेजारच्याला विचारायचं, आणि उत्तर तयार झाल्यावरच मेल उघडायचा. म्हणजे मेल लवकर वाचले जावेत म्हणून लावलेल्या सोयीमुळे ते उशिरा उघडले जाऊ लागले. एक दिवस शिफ्ट बदलल्याचा साधा मेल असाच न उघडता राहिला आणि सकाळच्या बसला निम्मी माणसं नव्हती. मला त्या वरिष्ठांबद्दल आजही आदर आहे. काम त्यांना पोटतिडकीने हवं असायचं. पण विश्वास ठेवायला जमत नसेल तर बोलून विचारावं, घड्याळ लावून बघू नये.

कायद्याचा मुद्दा पर्चेसमध्ये टाळता येत नाही, आणि रीड रिसिटचे समर्थक नेमका तोच पुढे करतात. ‘पुरावा लागतो ना!’ लागतो. पण कशाचा? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ बघा. समोरच्याने मेलसाठी एखादी यंत्रणा नेमून दिली असेल, तर मेल तिच्यात शिरला त्या क्षणी तो मिळाला असं धरलं जातं. वाचण्याची अट तिथे नाही. कलम १२ म्हणतं की पोच कुठल्या प्रकारे हवी हे पाठवणाऱ्याने ठरवलेलं नसेल, तर समोरच्याचा कुठलाही निरोप, आपोआप गेलेला का असेना, किंवा मेल मिळाल्याचं दाखवणारी त्याची कृतीसुद्धा पोच म्हणून चालते. आणि ‘पोच मिळाली तरच हे बंधनकारक’ अशी अट पाठवणाऱ्याने घातली असेल, तर पोच येईपर्यंत तो मेल पाठवलाच नाही असं मानलं जातं. म्हणजे आमच्या पीओतली ‘ऑर्डर ॲक्सेप्टन्स पाठवावा’ ही ओळ रीड रिसिटपेक्षा कितीतरी भक्कम आहे. व्हेंडरने त्या पीओवर माल पाठवला तर त्याची कृतीच बोलते.

रिजेक्शनच्या मेलला तर तारीख फार महत्त्वाची. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं समजलं जातं, आणि पैशाची मुदत माल पोचल्याच्या दिवसापासून मोजतात. अशा मेलला मी डिलिव्हरी रिसिट लावते, व्हेंडरच्या दोन आयडींवर पाठवते आणि त्याच दिवशी फोन करते. रीड रिसिट लावत नाही. ती आली नाही तर माझ्या हरकतीची तारीख बदलत नाही, आणि आली तरी माल दुरुस्त होत नाही.

वाचल्याची खूण कोर्टात कामी आलेली नाही असं नाही. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस पोचली आणि उघडलीही गेली, हे तिथल्या खुणांवरून दिसतं म्हणून ती बजावली गेल्याचं मानलं होतं. पण ती वसुलीतल्या, टाळाटाळ करणाऱ्या माणसाची गोष्ट होती. रोज सकाळी ज्यांच्याबरोबर चहा घ्यायचा, त्यांच्याशी त्याच हत्याराने वागायचं का, एवढं विचारून बघावं.

जीमेलबद्दल थोडक्यात. तिथे रीड रिसिट फक्त कंपनीच्या किंवा शाळेच्या वर्कस्पेस खात्यात आहे, आणि तीही ॲडमिनने चालू केली असेल तरच. साध्या जीमेल खात्यात ही सोय नाही. आमच्या छोट्या व्हेंडरपैकी कितीतरी जणांचे आयडी साधेच आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून पावती येण्याचा प्रश्नच नसतो. तरी ‘त्याने पावतीसुद्धा पाठवली नाही’ असं त्यांच्या नावाने बोललं जातं. डिलिव्हरी रिसिटची एक मर्यादाही इथेच सांगायला हवी. बाहेरच्या सर्व्हरला मेल गेला की पुष्कळदा आउटलुककडून एवढंच येतं की मेल पुढे दिला, पण पलीकडच्या सर्व्हरने पोच पाठवली नाही. बिघाड झाला असं समजून घाबरू नका. मेल परत आला नाही, एवढा दिलासा त्यात असतो.

लपवलेल्या चित्राने माग काढणाऱ्या टूल्सबद्दल माझं मत कडक आहे. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका ठेवायचा, तो लोड झाला की पाठवणाऱ्याला कळतं. सेल्सच्या टूल्समध्ये हे सर्रास असतं. सुपरह्यूमन नावाच्या ॲपमध्ये तर मेल कुठून उघडला तेही दिसायचं. २०१९ मध्ये त्यावर टीका झाल्यावर त्यांनी ठिकाण दाखवणं काढलं आणि वाचल्याची खूण आपणहून चालू असायची ती बंद ठेवली. २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १५ बरोबर अशी चित्रं मेल उघडण्याआधीच परस्पर ओढून घ्यायची सोय दिली, त्यामुळे ती माहिती आता भरवशाचीही राहिलेली नाही. आउटलुकची खिडकी कितीही त्रासदायक असली तरी ती विचारते. न विचारता बघणं ऑफिसात तर नकोच.

सगळ्यांपर्यंत सूचना पोचवायची असेल, उदाहरणार्थ सेफ्टीचं सर्क्युलर, तर एचआरवाल्यांना मी आउटलुकचंच दुसरं बटण सुचवते. त्याच ‘ऑप्शन्स’च्या पट्टीत ‘यूज व्होटिंग बटन्स’ आहे. त्यात स्वतःचे शब्द टाकता येतात, आम्ही ‘वाचलं, समजलं’ आणि ‘शंका आहे’ असे दोन टाकतो. लोक मुद्दाम एकावर क्लिक करतात आणि ट्रॅकिंगमध्ये मोजणी आपोआप होते. ‘शंका आहे’वर येणारी नावं रीड रिसिटने कधीच कळली नसती. गेल्या वेळी फोर्कलिफ्टच्या मार्गाबद्दल लोडिंगच्या मुलांनी तेच बटण दाबलं आणि नकाशातली बाण उलटे छापल्याची चूक सापडली. कंपनीच्या आत हे छान चालतं. बाहेरच्यांसाठी नको.

कुणी तुमच्याकडे रीड रिसिट मागितली तर काय करावं, असं मला विचारतात. रागावू नका. सेटिंग ‘प्रत्येक वेळी विचारा’ अशी ठेवा. कागदपत्राचा मेल असेल तर ‘हो’ दाबा आणि वर एक ओळ लिहा: ‘मेल मिळाला, गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर देते.’ त्या एका ओळीने मागणाऱ्याची धाकधूक थांबते. रोजचाच मेल असेल तर ‘नाही’ दाबून कामाला लागा. वरिष्ठांनी सरसकट लावली असेल तर त्यांना एकांतात सांगा, की साहेब, प्रत्येक मेलला खिडकी येते, तुम्हाला माहीत आहे का? बहुतेकांना खरोखर माहीत नसतं आणि ते लगेच काढतात.

आमच्या आयटीला मी लेखी विनंती केली आहे की सगळ्यांच्या मशीनवर ट्रॅकिंगमधली रीड रिसिटची सरसकट टिक बंद करावी आणि पावती देताना ‘प्रत्येक वेळी विचारा’ हीच सेटिंग ठेवावी. त्यांच्याकडून हे एका पॉलिसीने होतं, टेबलाटेबलावर जावं लागत नाही. विनंतीच्या शेवटी शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवा, असं लिहिलं आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.